चार दिवसांचे वर्ष

आश्विन सरत आला, पावसाळी मळभ निवळले, म्हणजे रात्रीच्या दुसऱ्या प्रहराच्या आरंभी भाद्रपदांचा प्रशस्त चौकोन महाराष्ट्राच्या जवळजवळ माथ्यावर येतो. त्या चौकोनाची पश्चिमेकडील बाजू ज्या दोन ताऱ्यांनी आखली आहे ती पूर्वाभाद्रपदा. आणि या दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या साधारण मध्यावर, किंचित पश्चिमेस सरून, एक मंद तारा आहे. गावच्या दिव्यांपासून दूर, अमावास्येच्या सुमारास, दृष्टी चांगली असलेल्या मनुष्यास तो नुसत्या डोळ्यांनी कसाबसा दिसतो. फ्लॅमस्टीड या इंग्रज ज्योतिर्विदाच्या तारकासूचीत महाश्व समूहातील ५१ वा तारा, एवढीच त्याची अनेक पिढ्या नोंद होती. वस्तुमानाने, वर्णाने आणि तापमानाने तो पुष्कळसा आपल्या सूर्यासारखा आहे, आणि त्याचे अंतर सुमारे ५० प्रकाशवर्षे भरते. ६ ऑक्टोबर १९९५ या दिवशी इटलीतील फ्लॉरेन्स येथे भरलेल्या ज्योतिर्विदांच्या परिषदेत जिनिव्हा वेधशाळेचे मिशेल मायोर आणि त्यांचे तरुण विद्यार्थी दिदिए केलोझ यांनी असे निवेदन केले की, या ताऱ्याभोवती निदान गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा एक ग्रह फिरत असून त्याची एक प्रदक्षिणा चार दिवस आणि सुमारे साडेपाच तासांत पुरी होते.

हे निवेदन ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते खरे वाटले नाही, आणि त्यात नवल करण्याजोगे काही नव्हते. आपल्या सूर्यमालेत सर्वांत घाईने फिरणारा बुध. त्यालाही एका फेरीस ८८ दिवस लागतात. गुरूला तर जवळजवळ १२ वर्षे लागतात. मोठे ग्रह ताऱ्यापासून दूर, थंड प्रदेशातच जन्मास येऊ शकतात, कारण तेथेच पाण्याचे आणि अन्य द्रव्यांचे हिम गोठून ग्रहाचे बीज पुरेसे जड होते, ही उपपत्ती त्या काळी सर्वत्र शिकवली जात असे. आणि येथे तर गुरूच्या जातीचा ग्रह, बुध सूर्यापासून जेवढा दूर आहे त्याच्या सातव्या हिश्श्याइतक्या अंतरावर, हजार अंशांहून अधिक उष्णतेत, ताऱ्याला अगदी लगटून फिरत असल्याचे सांगण्यात येत होते. उपपत्ती खोटी म्हणावी की वेध खोटा म्हणावा, असा हा पेच होता. आणि अशा पेचात वेधालाच दोष देण्याची सवय खगोलशास्त्रज्ञांना लागलेली होती, कारण या विषयातील आधीच्या दीडशे वर्षांचा इतिहास बव्हंशी फसलेल्या वेधांचाच होता.

त्या इतिहासातील एक आरंभीचे प्रकरण पुण्याशी निगडित आहे, आणि ते आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक असावे याचा मला खेद वाटतो. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातील इंजिनिअर पलटणीचा अधिकारी म्हणून १८३१ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या विल्यम स्टीफन जेकब या गृहस्थाने, त्रिकोणमितीय मोजणीच्या खात्यातील नोकरी सांभाळून, १८४२ मध्ये पुण्यास स्वतःची खाजगी वेधशाळा उभारली आणि जोडताऱ्यांचे वेध घेण्यास प्रारंभ केला. पुढे मद्रास येथील कंपनीच्या वेधशाळेची मुखत्यारी त्याच्याकडे आली. तेथे असताना, १८५५ साली, लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात त्याने भुजंगधारी समूहातील ७० व्या ताऱ्याविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. हा जोडतारा असून त्याचे दोन घटक सुमारे ८८ वर्षांत परस्परांभोवती एक फेरा घेतात. परंतु न्यूटनच्या नियमाबरहुकूम जी कक्षा यावी ती आणि प्रत्यक्ष मोजलेली स्थाने यांच्यात मेळ बसेना, सबब या जोडीत एखादा अदृश्य ग्रहसदृश पदार्थ असण्याचा संभव आहे, असा जेकबचा अभिप्राय होता.

तो ग्रह तेथे नव्हता. जेकबच्या अनुमानातील तर्कपद्धती मात्र निर्दोष होती. ज्याचा वेध घेता येत नाही त्याचे अस्तित्व, ज्याचा वेध घेता येतो त्याच्या चालीवरून सिद्ध करावे, हीच पद्धती पुढे १९९५ मध्ये फळास आली. उणीव होती ती मोजमापाच्या सूक्ष्मतेची. प्रकृतीच्या कारणाने जेकबला विलायतेस परतावे लागले, तरी पुण्यानजीकच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून उंच आणि निर्मळ हवेत, एक वेधशाळा स्थापन करण्याची त्याची इच्छा कायम होती. त्या कामी पार्लमेंटाकडून पैशाची मंजुरी मिळवून, नवी दुर्बीण बरोबर घेऊन तो ऑगस्ट १८६२ मध्ये मुंबईच्या बंदरात उतरला आणि पुण्यास पोहोचतो न पोहोचतो तोच, वयाच्या पन्नाशीच्या आतच, तेथे मरण पावला. डोंगरावरची वेधशाळा राहून गेली.

जेकबच्या नंतर त्याच ताऱ्याविषयी अमेरिकेतील टॉमस सी याने १८९० नंतरच्या दशकात पुन्हा तसाच दावा केला आणि फॉरेस्ट मोल्टन याने गणिताने तो खोडून काढला. याहून अधिक काळ टिकलेले आणि अधिक हळहळ लावणारे प्रकरण पीटर व्हान दे काम्प यांचे. पेनसिल्व्हेनियातील स्प्राउल वेधशाळेत बार्नार्डच्या ताऱ्याची छायाचित्रे कित्येक दशके जमा करून, त्यांवरून या शेजारच्या ताऱ्याची वाट किंचित नागमोडी आहे आणि त्याला गुरूहून मोठा एक ग्रह आहे, असे त्यांनी १९६३ मध्ये जाहीर केले. दहा वर्षे ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून वावरली. पुढे दुसऱ्या वेधशाळांच्या छायाचित्रांत ती नागमोड आढळेना; आणि स्प्राउलच्याच दप्तरातील इतर ताऱ्यांची तपासणी केली तेव्हा त्यांचीही स्थाने एकाच वेळी सरकलेली दिसली, आणि ती वेळ दुर्बिणीच्या भिंगाच्या बैठकीत केलेल्या दुरुस्तीच्या वेळेशी जुळली. सरकली होती ती दुर्बीण. व्हान दे काम्प यांनी हा निर्णय अखेरपर्यंत मान्य केला नाही. मे १९९५ मध्ये ते वारले; फ्लॉरेन्सची परिषद त्यानंतर पाचच महिन्यांनी भरली.

आता या शोधाची मूळ युक्ती काय ती पाहू. अंगाने भरलेली बाई लहान मुलीशी फुगडी घालते तेव्हा मुलगी मोठे वर्तुळ घेते हे सर्वांना दिसते. पण बारकाईने पाहणाऱ्यास बाईच्या पायाखालचे लहानसे वर्तुळही दिसते, कारण दोघीही त्यांच्या समाईक गुरुत्वमध्याभोवतीच फिरत असतात. तारा आणि ग्रह यांचा संबंध असाच आहे. ग्रह ताऱ्याच्या प्रकाशात बुडून जातो. गुरूसारखा ग्रहदेखील सूर्याच्या तुलनेत अब्जावधी पटींनी फिका असतो. पण त्याच्या ओढीने तारा आपल्या लहानशा वर्तुळात कधी आपल्याकडे येतो, कधी दूर जातो. तो जवळ येत असताना त्याच्या प्रकाशाच्या लहरी किंचित आखूड, म्हणजे निळ्या टोकाकडे, आणि दूर जात असताना किंचित लांब, म्हणजे तांबड्या टोकाकडे सरकतात. ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट उलगडला असता त्यात सहस्रावधी बारीक काळ्या रेषा दिसतात, कारण ताऱ्याच्या बाह्य आवरणातील लोह, कॅल्शियम इत्यादी मूलद्रव्ये ठराविक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात. या रेषा पुढेमागे सरकतात, आणि त्या किती सरकल्या व किती दिवसांनी मूळपदावर आल्या याच्या हिशेबावरून ग्रहाचा परिभ्रमणकाल आणि त्याचे किमान वस्तुमान काढता येते. किमान म्हणण्याचे कारण असे की, ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेशी किती कललेली आहे हे या रीतीने समजत नाही.

युक्ती सोपी आहे. कृती भयंकर कठीण. गुरूच्या ओढीने सूर्यास जो वेग येतो तो सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर. उलटपक्षी ज्या पृथ्वीवर उभे राहून वेध घ्यायचा ती स्वतःच सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती धावत आणि शिवाय स्वतःभोवती फिरत असते. तो सारा वेग अचूक वजा करावा लागतो. या हिशेबात किती सहज चूक होते याचा एक दाखला १९९१ सालचा आहे. इंग्लंडमधील अँड्र्यू लाइन यांनी एका स्पंदताऱ्याभोवती ग्रह सापडल्याचे प्रसिद्ध केले. परंतु पृथ्वीच्या स्वतःच्या गतीची वजावट पुरती बरोबर झाली नव्हती असे त्यांनाच पुढे आढळून आले, आणि जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकन ज्योतिर्विदांच्या सभेत त्यांनी उभे राहून आपला दावा मागे घेतला. सभागृहाने उभे राहून टाळ्यांच्या कडकडाटात त्यांचा गौरव केला. त्याच सभेत अलेक्झांडर वोल्शचान यांनी दुसऱ्या एका स्पंदताऱ्याभोवतीचे ग्रह मांडले, आणि ते मात्र खरे ठरले. सूर्यमालेबाहेरचे पहिले निर्विवाद ग्रह हेच. पण स्पंदतारा म्हणजे स्फोट पावलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा; तेथील परिस्थिती आपल्या सूर्याच्या परिस्थितीशी कोणत्याच अंगाने जुळणारी नव्हे, म्हणून सूर्यासारख्या ताऱ्याचा प्रश्न तसाच राहिला.

त्या प्रश्नावर कॅनडाचे ब्रूस कॅम्बेल आणि गॉर्डन वॉकर यांनी जे कष्ट घेतले त्यांचे स्मरण या ठिकाणी न करणे कृतघ्नपणाचे होईल. ताऱ्याच्या वर्णरेषा मोजण्यास स्थिर मोजपट्टी हवी म्हणून दुर्बिणीच्या वाटेत हायड्रोजन फ्लोराइड या विषारी वायूची नळी बसवून, सेकंदाला तेरा-चौदा मीटर इतक्या सूक्ष्मतेने, त्यांनी सुमारे बारा वर्षे वीसेक ताऱ्यांवर लक्ष ठेवले. त्यांतील एकाही ताऱ्याला ताऱ्यालगत फिरणारा मोठा ग्रह नव्हता. वृषपर्वा समूहातील गॅमा ताऱ्याबाबत त्यांना १९८८ मध्ये ग्रहाचा सुगावा लागला होता, परंतु ती ताऱ्याच्याच पृष्ठभागाची हालचाल असावी अशा शंकेने १९९२ मध्ये तो सोडून देण्यात आला; २००३ मध्ये तेथे ग्रह असल्याची खात्री पटली. साधन पुरेसे होते, चिकाटीही कमी नव्हती. पण निवडलेले तारे थोडे होते. विपुल तारे तपासण्याची तजवीज ज्याला करता आली त्याच्या पदरात यश पडले, एवढेच यात म्हणता येते.

वस्तुतः ताऱ्यालगत मोठा ग्रह असू शकेल, हा विचार कोणाच्याच मनात आला नव्हता असे नाही. ऑटो स्ट्रूव यांनी १९५२ मध्ये एका अगदी लहान लेखात लिहून ठेवले होते की, ताऱ्यापासून अत्यल्प अंतरावर, एका दिवसात फेरा पुरा करणारा गुरूसारखा ग्रह असू नये असे कोणतेही कारण नाही, आणि तसा तो असल्यास त्याचा वेग वर्णपटावरून मोजता येईल, शिवाय तो ताऱ्यासमोरून गेल्यास ताऱ्याचा प्रकाश थोडा मंदावलेलाही दिसेल. हा लेख छापला गेला आणि विसरला गेला. चार दशके ज्योतिर्विद बारा वर्षांच्या फेऱ्याची वाट पाहत राहिले, कारण आपल्या अंगणात जे दिसते तेच सर्वत्र असणार असे गृहीत धरून वेधांची सारी आखणी झाली होती. हे गृहीत कोणी मुद्दाम मांडले नव्हते, म्हणूनच त्याची कोणी रुजुवात करून पाहिली नाही.

मायोर हे मुळात ग्रहांचे शोधक नव्हते, आणि माझ्या मते तेच त्यांच्या पथ्यावर पडले. जोडताऱ्यांचा अभ्यास हा त्यांचा विषय. परस्परांभोवती फिरणाऱ्या जोड्यांतील एक घटक किती हलका असू शकतो, हा त्यांचा प्रश्न. जोडताऱ्यांचे परिभ्रमणकाल काही तासांपासून काही शतकांपर्यंत कितीही असतात, त्यामुळे चार दिवसांचा काल दिसला तर तो असंभाव्य म्हणून टाकून देण्याचे वळण त्यांना नव्हते. मार्सेयचे आंद्रे बारान यांच्या सहकार्याने त्यांनी पूर्वीच एक वेगमापक उपकरण सिद्ध केले होते. त्याचीच सुधारलेली आवृत्ती म्हणजे ‘एलोदी’ हा वर्णपटमापक. दक्षिण फ्रान्समधील ओत-प्रोव्हांस वेधशाळेच्या १.९३ मीटर व्यासाच्या दुर्बिणीस तो १९९३ मध्ये जोडण्यात आला. ताऱ्याचा प्रकाश प्रकाशतंतूतून उपकरणापर्यंत नेला जाई, शेजारच्या दुसऱ्या तंतूतून थोरियम दिव्याचा प्रकाश त्याच क्षणी नोंदला जाई, म्हणजे उपकरण स्वतः किती सरकले हे कळत राही. आणि सहस्रावधी रेषांचे सरकणे एकत्र मोजून संगणक काही मिनिटांत ताऱ्याचा वेग सांगे. सूक्ष्मता सेकंदाला सुमारे १३ मीटर, म्हणजे तासाला ४७ किलोमीटर. वेग लगोलग हाती येणे ही बाब दिसते त्यापेक्षा फार महत्त्वाची होती, कारण ज्यांचा हिशेब वर्ष-दोन वर्षे तुंबून राहतो त्यांना चार दिवसांतली चलबिचल चार दिवसांत दिसत नाही.

एप्रिल १९९४ पासून सूर्यासारख्या १४२ ताऱ्यांचा कार्यक्रम सुरू झाला. मायोर त्या हिवाळ्यात हवाई बेटांवर होते आणि वेधांचा भार केलोझ यांच्यावर होता. ५१ व्या ताऱ्याचा वेग एका रात्री एक, तर दुसऱ्या रात्री भलताच येऊ लागला. ज्याने उपकरणाची गणितप्रणाली स्वतः लिहिली होती त्या या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास साहजिकच वाटले की आपल्याच कामात कोठेतरी दोष राहिला आहे, आणि गुरूंना तसे कळवण्याचा संकोच वाटून तो कित्येक आठवडे एकटाच दोष शोधत राहिला. दोष सापडेना, उलट वेगाचे चढउतार ४.२३ दिवसांच्या नियमित फेऱ्यात बसू लागले. मग त्याने हवाईला फॅक्स पाठवला.

येथे या दोघांनी जो संयम दाखवला तो मला त्या शोधाइतकाच मोठा वाटतो. वसंताच्या आरंभी तारा सूर्याच्या तेजात लपला आणि पुढील काही महिने वेध घेणे अशक्य झाले. प्रतिस्पर्धी जागे होते. तरीही त्यांनी काही प्रसिद्ध केले नाही. जुन्या वेधांवरून त्यांनी जुलैतील रात्रींसाठी वेगाचे आगाऊ कोष्टक तयार केले, म्हणजे ताऱ्याचा वेग कोणत्या रात्री किती असला पाहिजे हे आधीच लिहून ठेवले. जुलै १९९५ मध्ये सहकुटुंब ओत-प्रोव्हांसला जाऊन त्यांनी वेध घेतले. कोष्टक आणि वेध रात्रीमागून रात्र जुळत गेले, तेव्हा केक कापून तो आनंद साजरा झाला. ऑगस्टअखेर लेख ‘नेचर’कडे रवाना झाला आणि २३ नोव्हेंबरच्या अंकात छापून आला.

फ्लॉरेन्सच्या निवेदनानंतर आठवडाभरातच कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेतून जेफ्री मार्सी आणि पॉल बटलर यांनी तोच चढउतार पाहून शोधास पुष्टी दिली. या दोघांपाशी १९८७ पासूनचे वेध साठलेले होते. मोठ्या ग्रहाचे फेरे दीर्घ मुदतीचे असणार या समजुतीने त्यांतील पुष्कळांचा हिशेब मागे पडला होता. आता दफ्तर उघडून गणित केले तेव्हा त्यातून आणखी दोन ग्रह निघाले, आणि जानेवारी १९९६ मध्ये ते जाहीर झाले.

शंका तरीही संपल्या नव्हत्या. १९९७ मध्ये डेव्हिड ग्रे यांनी असे प्रतिपादन केले की, सरकतात त्या रेषा ताऱ्याच्या जागच्या जागी होणाऱ्या स्पंदनामुळे सरकतात, ग्रह मुळात नाहीच. अधिक सूक्ष्म वेध घेतल्यावर पुढच्याच वर्षी त्यांनी हे प्रतिपादन मागे घेतले. आणि १९९९ मध्ये महाश्वाच्याच समूहातील दुसऱ्या एका ताऱ्यासमोरून त्याचा साडेतीन दिवसांचा ग्रह जाताना, अवघ्या १० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून, डेव्हिड शार्बोनो आणि टिमथी ब्राउन यांना ताऱ्याचा प्रकाश दीड-पावणेदोन टक्क्यांनी मंदावलेला दिसला. ग्रहाची सावली प्रत्यक्ष मोजली गेल्यावर वादास जागा राहिली नाही. स्ट्रूव यांच्या लेखातील दुसरे भाकीतही असे ४७ वर्षांनी खरे झाले.

मग या ग्रहांची जन्मकथा काय? त्याचे उत्तर शोधताना असे दिसून आले की, ते बीजही उपपत्तिकारांच्या दफ्तरात पडूनच होते. पीटर गोल्डराइख आणि स्कॉट ट्रेमेन यांनी १९८० मध्येच दाखवले होते की, नवजात ग्रह आणि ताऱ्याभोवतीची वायुधुळीची तबकडी यांच्यातील परस्पर ओढीमुळे ग्रहाची कक्षा बदलू शकते. म्हणजे मोठा ग्रह दूरच्या थंड प्रदेशात जन्मून पुढे आत सरकत येऊ शकतो. ग्रह जेथे जन्मतो तेथेच राहतो, हे दुसरे न उच्चारलेले गृहीतही अशा रीतीने गळून पडले. कोणता ग्रह कोणत्या कारणाने आत आला, तबकडीच्या ओढीने की इतर ग्रहांशी झालेल्या झटापटीने, याची चर्चा आजही चालू आहे.

मायोर आणि केलोझ यांना २०१९ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. तोपर्यंत अशा ग्रहांची संख्या चार हजारांवर गेली होती, आणि २०२५ मध्ये तिने सहा हजारांचा टप्पा ओलांडला. त्यांतील बराच मोठा हिस्सा केप्लर या अवकाशदुर्बिणीने सावलीच्या रीतीने हुडकलेला आहे. आपल्याकडेही अबूच्या पहाडावर, गुरुशिखर येथे, अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेने ‘पारस’ नावाचा वर्णपटमापक १.२ मीटरच्या दुर्बिणीस जोडला आहे. दोन तंतू, थोरियमचा दिवा, निर्वात पेटीत सांभाळलेले तापमान, ही सारी रचना एलोदीच्याच घराण्यातील. त्याच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुमारे सहाशे प्रकाशवर्षांवरील एका ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचे वस्तुमान, पृथ्वीच्या सुमारे २७ पट, निश्चित करण्यात आले. हिंदुस्थानच्या भूमीवरून अशा ग्रहाचा माग काढण्याची जेकबची उमेद दीडशेहून अधिक वर्षांनी सफळ झाली, याचा आनंद कोणत्याही मराठी वाचकास व्हावा.

तथापि सूर्यासारख्या ताऱ्याभोवती, एका वर्षात फेरा घेणारी, पृथ्वीएवढ्या वस्तुमानाची दुसरी पृथ्वी या रीतीने अद्याप कोणास मोजता आलेली नाही. पृथ्वीमुळे सूर्यास येणारा वेग सेकंदाला अवघा नऊ सेंटिमीटर. चिली देशातील वेधशाळांत बसवलेल्या नव्या वर्णपटमापकांनी सूक्ष्मता सेकंदाला एक मीटर आणि त्याहूनही खाली आणली आहे, पण आता अडथळा उपकरणाचा राहिलेला नाही. ताऱ्याच्या पृष्ठभागावर उकळून वर येणारे आणि खाली बुडणारे वायू, त्यावरील डाग, हे सारे मिळून ग्रहाच्या नऊ सेंटिमीटरांवर कित्येक पटींचा गलबला उठवतात. केलोझ यांचे सहकारी आता कॅनरी बेटांतील ला पाल्मा येथील एका जुन्या दुर्बिणीस नवा वर्णपटमापक जोडून, मोजक्या काही डझन ताऱ्यांचाच, जेव्हा जेव्हा आकाश मोकळे असेल तेव्हा दररोज रात्री, वेध घेण्याची योजना राबवत आहेत. अशा ग्रहाची एक प्रदक्षिणा वर्षाची असणार, आणि ताऱ्याच्या गलबल्यातून ती ओळखायची तर तिच्या अनेक आवृत्त्या पदरी हव्यात. म्हणून या कामाची मुदत दहा वर्षे ठरवण्यात आली आहे.